कावळ्याच्या आधी

माय,

आज पित्तरपाट्यातली नवमी. तुझ्या नावानं ताट वाढलं होतं. ते तुझ्याकडं आलं न्हाई. आज्जी म्हणते तू उपाशी गेलीस, आता घराला तळतळाट लागंल. म्हणून लिहून राहिले. ते ताट कुठं गेलं, ते माझ्याच तोंडून ऐक. तोंडून म्हणजे कागदावरून. तू मला मुकी म्हणायचीस ते काय खोटं न्हाई.

सकाळधरनं मी अन् वहिनी चुलीपाशी होतो. दादाचं लगीन झालं माय, तुला सून आली. सातवा चालू हाय तिला. आमी उडदाचे वडे केले, कढी, खीर, भोपळा, गवार, आंबाडीची भाजी. ताटात बोट ठेवायला जागा न्हाई. ते बघून माझं टाळकंच फिरलं. जित्तेपणी तुला एवढं कधी कुणी वाढलं होतं?

आमी सगळे उठल्यावर तू टोपल्यात हात घालायचीस. अर्धी भाकर अन् ठेचा. "मला भूकच न्हाई गं." भूक नसलेली बाई दिवसभर हळद शिजवती व्हय? पोटुशी म्हणून अंगणवाडीतून तुला मूग, चवळी मिळायची. ती सगळ्या घराच्या कालवणात जायची अन् तुझ्या वाट्याला वरचं पाणी.

अन् त्या रक्तवाढीच्या गोळ्या. आज्जी म्हणली त्यानं लेकरू काळं व्हतं, अन् तू त्या पिठाच्या डब्यामागं दडवल्या. काळं झालं असतं तर झालं असतं. घरी तर आलं असतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणले, बाईच्या अंगात रक्तच न्हाई. तू अन् ते लेकरू, दोघंबी तिथनं परत आलीच न्हाईत.

मंग माझी शाळा सुटली. आठवीतच. चूल माझ्याकडं आली. आली ना? मंग चुलीपाशी आता माझं चालंल.

वहिनीचंबी रक्त कमी निघालं. वसमतच्या दवाखान्यात काय खायचं ते सांगणारी एक मॅडम हाय. तिनं विचारलं, "काल काय काय खाल्लं?" वहिनी गप्प. मीबी गप्प. मॅडम हसली, "दोघींचं मौनव्रत हाय का?" मंग मीच बोलले. "सकाळी चहा. दुपारी भाकर-ठेचा. राती उरलं ते."

तिनं गोळ्या तर दिल्याच, पण म्हणली निस्त्या गोळ्यांवर भागत न्हाई. मोड आलेले हरभरे, अंडं, तीळ-गूळ, शेवग्याचा पाला. वरून लिंबू पिळायचं. गोळी चहासंगं घ्यायची न्हाई. अन् पोटुशीनं सगळ्यांच्या मागून जेवायचं न्हाई.

शेवगा आपल्या गोठ्यामागंच हाय, माय. त्याचा पाला तू रोज शेळ्यांना घालायचीस. आपल्या शेळ्या तुझ्यापेक्षा बरं खात होत्या.

तवापासून मी वहिनीला पयलं वाढते. आज्जी म्हणते, "घाल, लई खाऊ घाल. लेकरू मोठं झालं की मंग पोट फाडा तिचं." मी मान खाली घालून वाढत ऱ्हाते.

आज कावळा येईना. ताट पत्र्यावर, अन् तो शिवल्याबिगर कुणी जेवायचं न्हाई. ऊन डोक्यावर आलं. वहिनी खांबाला धरून खाली बसली. ओठ पांढरेफट. तुझे व्हायचे तसेच.

आज्जी म्हणली, "दम धर जराशी. तुझ्या सासूचा जीव कशात तरी अडकला असंल."

मी शिडी लावली. वर चढले. ताट उचललं अन् वहिनीपुढं आणून ठेवलं.

"अगं, पित्तराचं हाय ते! काय करून राहिली पोरी?"

"आज सवासणीला जेवू घालत्यात ना, आज्जी? मंग घरातली सवासीण उपाशी काहून?"

दादा म्हणला, "हिला वाचा कधी फुटली?"

वहिनी ताटाला हात लावंना, बाच्या तोंडाकडं बघत होती. बानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला अन् उठून गोठ्याकडं गेला. मंग ती जेवली. वडा कढीत बुडवून बुडवून. भाजीवर लिंबू मी पिळलं.

कावळा मागून आला. वहिनीच्या उष्ट्या ताटातला वडा उचलून गेला. तो तूच असशील, तर आजबी तू सगळ्यांच्या मागूनच जेवलीस, माय. मेल्यावरबी तुझी खोड जाईना? अन् माझा राग आला असंल तर येऊ दे. उद्याबी मी वहिनीला पयलंच वाढणार हाय.

लेकरू काळं होवो का गोरं, मायच्या कडेवर बसून घरी येईल. अन् एक शब्द देते तुला. उद्या मी कुणाच्याबी घरात सून म्हणून गेले, तरी "मला भूक न्हाई" असं खोटं म्हणणार न्हाई. भूक लागली की मोठ्यानं सांगीन.

तुझी,
मुकी