टेपवर नसलेली नऊ मिनिटं

बाई, टेपवर नसलेली ती नऊ मिनिटं परवापासून माझ्या मानगुटीवर बसली आहेत. सात सोळा ते सात पंचवीस. तुम्हाला वेळ सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. त्या संध्याकाळी तुमच्या व्याख्यानमालेत बोललेल्या प्राध्यापकांच्या कन्या आता वडिलांच्या भाषणांचं पुस्तक काढताहेत. प्राध्यापकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांचं म्हणून माझ्याकडून प्रसिद्ध झालेलं एक वाक्य कन्येला पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालायचंय, आणि तळटिपेसाठी ते रेकॉर्डिंगमध्ये नेमकं कितव्या मिनिटाला येतं ते हवंय. ते कुठल्याच मिनिटाला येत नाही. प्राध्यापक ते बोललेच नाहीत. ते वाक्य कुणाचं हे मला माहीत आहे, आणि परवापर्यंत मी समजत होतो की ते फक्त मलाच माहीत आहे.

तुमच्या व्याख्यानमालेत पहिल्यांदा आलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. बुधवार पेठेतल्या एका दुकानातून माईक, स्पीकर आणि टेपचं मशीन घेऊन येणारा माईकवाला. हायवेकडेच्या लोणी काळभोरहून रोज ये-जा. शाळा दहावीला सुटलेली. अ‍ॅम्प्लिफायर उघडून, जाळून, पुन्हा जोडून जे काय शिकलो ते स्वतः शिकलो, आणि हे मी तेव्हाही न विचारता सगळ्यांना सांगायचो. कोथरूडच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात सात दिवस व्याख्यानं व्हायची. तुम्ही चिटणीस. साडेसहा म्हणजे साडेसहा. सहा एकतीसला दार लावून घ्यायचं. रेकॉर्डिंगची मागणीही तुमचीच. काकांना, म्हणजे तुमच्या यजमानांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू गेलेली, डोकं मात्र लख्ख. त्यांना हॉलपर्यंत आणता येत नव्हतं, म्हणून रात्री कॅसेट घरी जायची आणि सकाळी पोळ्या होईपर्यंत काका व्याख्यान ऐकायचे.

दुसऱ्या दिवशीचा विषय खुली अर्थव्यवस्था. सगळीकडे तीच चर्चा होती, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. प्राध्यापकांनी आयात कर समजावून सांगायला सुरुवात केली आणि उदाहरण घेतलं ते रेडिओतल्या परदेशी सुट्या भागाचं. तो भाग मी आठवड्यातून तीनदा विकत घेत होतो. त्याची किंमत तेवढीच का, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. ती संपली, मशीनचा खटका वाजला, आणि मला ऐकूच आला नाही. लोक कशाला तरी हसले तेव्हा मी भानावर आलो, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, कॅसेट उलटवली. सात पंचवीस.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मशीनपाशी आलात. मी म्हणालो, "बाई, मधे पट्टी अडकली होती थोडा वेळ."

"अडकली? मग खटका कसला वाजला?"

मी कॅसेट काढून डबीत घातली.

"मी पहिल्या रांगेत बसून ऐकला. तुम्ही मशीनला मांडी लावून बसलाय. मला वाटलं, आता उलटवतील, मग उलटवतील. बघते तर तुम्ही तोंड उघडं टाकून बघत बसलेले."

"मग बाई, सांगायचं ना मला."

"अहो, पहिल्या रांगेतून मधेच उठायचं नसतं. वक्त्याला वाटतं, भाषण पडलं. काय करत होतात?"

"ऐकत होतो," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. तुम्ही माझे पैसे कापाल याची मी वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "बरं. मग उद्या सकाळी साडेसातला घरी या. टेपने जे ऐकलं नाही ते तुम्ही ह्यांना सांगा."

लोणीहून साडेसातला कोथरूडला पोचायचं म्हणजे किती वाजता निघावं लागतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तुम्ही वेळ बदलली नसती. मी सात पंचविसाला दारात. काकांची कॉट स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, मधलं दार काढून टाकलेलं. तुम्ही ओट्यापाशी कणीक मळताय. टेप चालू आहे, प्राध्यापक आयात करापर्यंत येतात, खटका वाजतो आणि काका उजव्या हाताने मला खूण करतात: चला, तुमची पाळी.

मी सांगायला लागलो. हाय, व्हतं, म्हनले, सगळं लोणीचं. मधेच मला आठवलं की काहीतरी आधीचं राहिलं, मी मागे गेलो, मग पुढे. ओट्यावरून तुमचा आवाज आला, "थांबा. भाषा कशीही चालेल. क्रम चुकवू नका. ऐकणाऱ्याला काल तिथे बसल्यासारखं वाटलं पाहिजे." तोवर माझ्या बोलण्याबद्दल कुणी काही बोललं होतं ते फक्त भाषेवरून, आणि हसत. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नऊ मिनिटांना मला पंचवीस मिनिटं लागली. तो भाग, त्याच्यावरचा कर, दुकानदाराचा नफा, चोरून येणारा माल, सगळं क्रमाने. काका मधे मधे विचारत होते. असा रस घेऊन मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "बरं, पण परदेशी कंपन्या आल्या तर आपलं भलं का वाईट? यावर काय म्हणाले?"

प्राध्यापक यावर काही म्हणाले असतील तर मला आठवत नव्हतं. नाही आठवत, असं म्हणता आलं असतं. पण पंचवीस मिनिटं मी कुणीतरी होतो, आणि मला ते सोडवेना. मी म्हणालो, "ते म्हनले, हायवे रुंद झाला की गावाला वाटतं, आता आपन शहरात लवकर पोचू. शहरबी तेवढ्याच लवकर गावात पोचणार, हे मागाहून कळतं."

काका कॉटवर जवळजवळ उठून बसले. "वा! हा माणूस रस्त्याकडेला राहिलेला दिसतो."

तुम्ही तव्यावरची पोळी उलटलीत आणि म्हणालात, "दिसतो खरा." मग मला चहा दिलात, पोळी आणि गुळांबा दिलात, आणि म्हणालात, "उद्याही या. टेप पूर्ण असली तरी या. ऐकलेलं सांगता येतं का ते बघू."

पुढचे पाचही दिवस मी आलो. त्यानंतरची सहा वर्षं, दर उन्हाळ्यात सात सकाळी, काका जाईपर्यंत. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही असं अजूनही म्हणतो, ते विजेच्या आणि आवाजाच्या कामापुरतं खरं आहे. मुद्दा कुठे सुरू होतो, उदाहरण कुठे संपतं, वक्त्याने प्रश्नाला उत्तर दिलं की नुसतं गोड बोलून टाळलं, हे मी तुमच्या ओट्यासमोर शिकलो. पुढे कॉम्प्युटरवर आवाज कापायचा-जोडायचा जमाना आला, मी तेही पुस्तकं आणून शिकलो, एका सॉफ्टवेअर कंपनीत सभागृह सांभाळायची नोकरी मिळाली. मुलाखतीत त्यांनी मशीनबद्दल एकच प्रश्न विचारला, आणि मग म्हणाले, आत्ता आत चालू असलेली मीटिंग पाच मिनिटं ऐका आणि आम्हाला सांगा. बाई, मला हसू आवरेना.

आणि त्या पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी तुम्ही दिलेलं घड्याळ. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं, चावी देऊन मिनिटं लावायचं. "चव्वेचाळीसवर लावा. मशीनची काळजी ह्याला करू दे. तुम्ही ऐका." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ऐकू नका, मशीनकडे बघा. घड्याळाची घंटा भर सभेत वाजली असती म्हणून मी ते उघडून वरची वाटी काढून टाकली. चव्वेचाळीस मिनिटं झाली की आतली हातोडी मुठीत नुसती थरथरायची. त्यानंतर तुमची एकही कॅसेट अपुरी नाही. मोजून बघितलंय.

पुढच्या वर्षीचं उद्घाटन तुम्हाला आठवत असेल. प्रास्ताविक तुमचं. मी कानाला हेडफोन लावून, मूठ मांडीवर. आणि तुम्ही ते वाक्य म्हणालात, हायवेचं, जसंच्या तसं, फक्त प्रमाण मराठीत. हॉलमध्ये दोन-चार टाळ्या पडल्या. माझे कान इतके तापले की हेडफोन काढावासा वाटला. मला वाटलं, झालं, आता बाईंनी ते प्राध्यापकांच्या नावावर सगळ्यांसमोर चढवलं, आता बोलायची सोय नाही. नंतर चहाच्या वेळी तुम्ही मुद्दाम माझ्यापाशी आलात. "प्रास्ताविक कसं झालं?"

"आवाज जरा कमी होता बाई. माईकच्या जवळ यायला पाहिजे."

"आवाजाचं नाही विचारलं."

मी वायर गुंडाळत राहिलो. तुम्ही क्षणभर थांबलात आणि गेलात.

तुमच्यानंतर तुमच्या भाच्याने कॅसेटींची खोकी माझ्याकडे आणून दिली. मी सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. आता लोक त्या फोनवर ऐकतात, बाई. कुणी भांडी घासताना, कुणी ऑफिसच्या बसमध्ये, कुणी परदेशात. याला पॉडकास्ट म्हणतात. जुनी व्याख्यानं, मी घेतलेल्या मुलाखती, आणि आजही शहरात कुठे चांगलं भाषण असलं की मी मशीन घेऊन जातो, तेही. प्रत्येक भागाखाली मी लिहितो: अमुक मुद्दा अमुक मिनिटाला. त्यासाठी लोक मला ओळखतात. तुमच्या त्या प्रास्ताविकाच्या भागाखाली मी ते वाक्य लिहिलं आणि पुढे प्राध्यापकांचं नाव घातलं. ते वाक्य नावासकट लोकांनी उचललं, फुलांच्या चित्रावर छापून एकमेकांना सकाळी-सकाळी पाठवलं. मलाच चौघांकडून आलं.

मग प्राध्यापकांच्या कन्येचं पत्र. माझी मुलगी आयटीत आहे, तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. टेप डॅमेज झाली म्हणून कळव."

"टेप डॅमेज झालेली नाही."

"अरे, कुणाला कळणारे?"

"मला."

"मग हा टेपचा प्रॉब्लेम नाहीये. तुझ्या इगोचा आहे," असं म्हणून ती तिच्या मीटिंगला गेली.

परवा मी तुमचं प्रास्ताविक पुन्हा लावलं. पहिल्या वेळी फक्त आवाज स्वच्छ करायला ऐकलं होतं. या वेळी तुम्ही शिकवलंत तसं ऐकलं. तुम्ही प्राध्यापकांचं नाव कुठेही घेतलेलं नाही. तुम्ही म्हणता, "गेल्या वर्षी या व्याख्यानमालेच्या निमित्ताने मी एक वाक्य ऐकलं." आणि अर्थातच, बाई. तुम्ही तर पहिल्या रांगेत बसला होतात. सात सोळा ते सात पंचवीस तुम्ही सगळं ऐकलं होतं. प्राध्यापक काय बोलले आणि काय नाही, हे त्या स्वयंपाकघरात फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही पोळी उलटवत राहिलात. इतकी वर्षं मला वाटलं की मी तुम्हाला फसवलं. प्राध्यापकांचं नाव मी घातलं, तेही माझ्या स्वतःच्या हाताने, मिनिटासकट.

आज संध्याकाळी मी त्यांच्या कन्येला फोन केला. सगळं क्रमाने सांगितलं: खटका, नऊ मिनिटं, काकांचा प्रश्न. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते वाक्य बाबांचं नाहीच?"

"नाही. माझं आहे."

"तरीच! अहो, बाबांचं एवढं छोटं वाक्य कसं, हेच मला कोडं पडलं होतं." त्या मोकळेपणी हसल्या. "बरं झालं सांगितलंत. काढून टाकते पुस्तकातून."

"काढा," मी म्हणालो.

भागाखालचा मजकूर मी दुरुस्त केलाय. त्या व्याख्यानाच्या भागात खटक्यानंतर मी माझ्या आवाजात सांगितलंय की मशीनवर बसलेला माणूस ऐकण्यात रमला, म्हणून इथे नऊ मिनिटं नाहीत. श्रोत्यांना एवढं पुरे. हे पत्र त्यात वाचणार नाही. ते तुमच्यासाठी लिहिलं, आणि तुम्ही असतात तरी ते तुमच्या हातात द्यायचा धीर मला झाला नसता. फक्त एक सांगायचं राहिलं. "काढून टाकते," असं त्या म्हणाल्यावर मी फोन लगेच ठेवला नाही. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारावं म्हणून थांबलो होतो. त्यांनी विचारलं नाही.