मैत्रीवृक्षाची पानगळ

३ डिसेंबर, मंगळवार

झाड बघायला येताहेत! लेक पालिकेतून आली ती चपलांसकट थेट माझ्या खोलीत. "बाबा, तुमचं झाड चाळीस वर्षांचं झालं. ज्या देशाने दिलं त्यांचे राजदूत येणार आहेत, आणि सगळा कार्यक्रम माझ्या गळ्यात!" गळ्यात म्हणाली खरी, पण चेहरा नुसता फुललेला. वीस जानेवारी. मैत्रीवृक्षाखाली मांडव, दोन्ही देशांची गाणी, आणि तिथेच कारखान्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या करारावर सह्या. कारखाना त्यांच्या देशाने आपल्याकडे उभारलेला, जावई त्यातच आहेत. म्हणजे घरातल्या दोघांचीही धांदल.

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतला वहीवर. हा वरचा डाग तोच.

कारण ते झाड त्यांचं नाहीच. हे जगात दोघांनाच माहीत आहे — मला आणि बागेच्या तेव्हाच्या मुकादमाला.

५ डिसेंबर

लिहूनच टाकतो. वहीला सांगितलं म्हणजे कुणालाच न सांगितल्यासारखं.

तेव्हा मी उद्यान खात्यात कारकून. वय चौतीस, डोक्यात शाळेतल्या कविता गच्च. चौथीच्या पुस्तकातल्या तर आजही पानांच्या क्रमाने म्हणून दाखवीन — झऱ्याची डाव्या पानावर, चिमणीची उजव्या, कोपऱ्यात माझ्याच बोटाचा शाईचा ठसा. असो. दोन देशांची नवी नवी दोस्ती झालेली. त्यांचे राजदूत आले, त्यांच्या थंड मुलखातलं छातीएवढं रोप स्वतःच्या हाताने लावून गेले. फलकावर दोन ओळी हव्या होत्या. खात्यात दुसरं कोण लिहिणार?

सात सागर ओलांडुन आले इवले हिरवे पान,
मातीला या विचारते ते, देशिल का मज स्थान?

आयुक्तांनी पाठ थोपटली होती! ओळी अजून आहेत तिथे. "स्थान"चा रंग तेवढा उडालाय.

आणि थंडी पडली तशी रोपाची पानं पिवळी झाली. मग लाल. मग एकेक करून सगळी गळाली. नुसती काठी उरली. मुकादम म्हणाला, "कवीसाहेब, गेलं हे." आठवड्यावर आयुक्तांची पाहणी. एका देशाने विश्वासाने दिलेलं रोप आपल्या हातून मेलं — कुठल्या तोंडाने सांगायचं? एका सकाळी बाग उघडायच्या आधी दोघांनी मिळून ते उपटलं आणि नर्सरीतलं तेवढ्याच उंचीचं आपलं एक लावून दिलं. पाहणीला आयुक्त म्हणाले, "बघा, कसा जीव धरलाय!" फाइलवर तसा शेराही मारला.

त्यानंतर आठ राजदूत बदलले. आठही जणांनी झाडाबरोबर फोटो काढून घेतले. एकानेही पान हातात धरून पाहिलं नाही!

उपटलेलं मात्र मला टाकवेना. मुळासकट घरी नेलं. तेव्हा आम्ही पाण्याच्या टाकीजवळच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हिने ती काठी मागच्या अंगणात रोवली, तिच्यावर वेल चढवला, तांब्याच्या तारेने बांधून. ती काहीच वाया जाऊ द्यायची नाही. मागचं अंगण तिचं राज्य. मी तिकडे फिरकायचो तो फक्त हाका मारायला.

६ डिसेंबर

विशेष काही नाही. फलक पाहून आलो.

९ डिसेंबर

आता हे काय नवीन! दूतावासाने स्मरणिकेसाठी फोटो मागवलाय — पानं गळालेल्या झाडाचा! त्यांच्या राजधानीतही याचं जुळं आहे म्हणे. दोन्ही झाडं उघडी-बोडकी, समोरासमोरच्या पानांवर छापायचीत.

लेक म्हणाली, "आपलं तर बारा महिने हिरवंगार. उघडं कुठून आणू?"

जावईबापू म्हणाले, "आमच्या कारखान्यात कुणाला रजा मिळत नाही, झाडाला कशी मिळेल?"

दोघं हसली. मीही हसलो. मग उगाचच ठसका लागला.

पण मेलेल्या झाडाचा फोटो कुणी कौतुकाने का छापेल? त्यांच्याकडे काय पद्धत आहे ही? दुपारभर विचार केला. काही उमगत नाही.

११ डिसेंबर

मुकादमाकडे गेलो. ओट्यावर बसून कात्रीला धार लावत होता. नोकरी सुटून वीस वर्षं झाली, कात्री सुटली नाही.

"गप बसा, कवीसाहेब. चाळीस वर्षं सावली देतंय ते. त्याच्याखाली दोन्हीकडचे बडे लोक जेवून गेले. आता त्याला परकं कोण म्हणणार?"

"अरे, पण या खेपेला त्यांच्याबरोबर झाडांचा अभ्यास करणाऱ्या बाई आहेत!"

"मग त्यांना तुमची कविता ऐकवा. झाडाकडे बघायची शुद्धच राहणार नाही."

निघताना वाटलं, बरोबर आहे त्याचं. बसमध्ये वाटलं, छे, सांगायला हवं. घराची पायरी चढेपर्यंत पुन्हा त्याचंच बरोबर वाटायला लागलं होतं.

१४ डिसेंबर

लेकीने जुनी फाइल घरी आणली. तळाशी एक कागद, त्यांच्या भाषेतला. वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक, तारीख, सही. अक्षर माझंच! रोपाबरोबर आलेला कागद तो. तेव्हा खात्यात कुणालाच वाचता येईना. मी क्रमांक घातला, भोकं पाडली, फाइलला लावला. काम चोख!

लेकीने त्यावर मोबाइल धरला आणि भाषांतर मोठ्याने वाचलं — "थंडीत सर्व पाने गळतील. चार महिने झाड मेल्यासारखे दिसेल. घाबरू नये. थांबावे."

"म्हणून बोडका फोटो हवाय होय! पण बाबा, मग आपल्या झाडाची पानं कधीच कशी गळली नाहीत?"

मी चष्मा पुसत बसलो.

१५ डिसेंबर

जिवंत होतं. आम्ही आठवडाभरसुद्धा थांबलो नाही.

१८ डिसेंबर

सांगितलं. लेक भाजी निवडत होती. ऐकता ऐकता हात थांबले.

"म्हणजे वीस जानेवारीला त्या बाई एक पान तोडून बघणार, आणि सगळ्यांसमोर मला विचारणार. करार कदाचित मोडणार नाही. पण यांना साधं रोप सांभाळता आलं नाही, वर चाळीस वर्षं फसवलं, हे माझ्या तोंडावर ऐकावं लागणार."

"मी मांडवात उभा राहून कबूल करतो."

"तुम्ही काही करू नका, बाबा. एकदा केलंत तेवढं पुष्कळ झालं."

लागलं. पण खोटं कुठे होतं? मी खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळाने तीच दारात. हातात अजून भाजीची जुडी.

"उपटलेल्याचं काय केलंत? फेकलंत?"

"नाही गं. तुझ्या आईने वेलाला आधार म्हणून रोवलं. मागच्या अंगणात."

"मुळं होती त्याला?"

होती. मी मुळं पाहिली होती. ओली होती.

ती गेल्यावर एक आठवलं. तिसऱ्या वर्षी ते क्वार्टर सोडलं. सामान टेम्पोत चढलं, लेक पुढच्या सीटवर बसली, आणि ही काही मागच्या अंगणातून येईना. मी हाकांवर हाका मारतोय. "आले हो! निरोप घेतेय." कुणाचा, हे विचारायला सुचलं नाही मला. वेलाचा घेत असेल, असं धरून चाललो.

१९ डिसेंबर

लेक म्हणाली, शनिवारी सुट्टी आहे, जुन्या क्वार्टरकडे जाऊन येऊ. चाळीस वर्षं! तिथे काय असणार?

२१ डिसेंबर, शनिवार

क्वार्टर पाडलंय. तिथे आता पालिकेचं टायरांचं गोदाम. रखवालदार ओरडला, "आजोबा, त्याच्याखाली नका उभे राहू, वाळलंय ते! दर हिवाळ्यात तोडायचं ठरतं, आणि कुऱ्हाड यायच्या आत पालवी फुटते मेल्याला!"

गोदामाच्याही वर गेलंय. अंगावर एक पान नाही. कमरेएवढ्या उंचीवर, खोडाने अर्धी गिळलेली तांब्याची तार.

लेकीने फोटो काढला.