अर्ध्या आहारात

ती. लताताईस,

नाशिकहून तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझे गुडघे आणि देवळ्याचा कांदा, दोघांचं कसं चाललंय? (दोघांबद्दल तू खरं कधीच सांगत नाहीस.) माझी प्रकृती उत्तम, डोकं मात्र फिरलंय. हा फ्लॅट विकून कायमचं तुझ्याकडे यावं म्हणते. कारण, समोरच्या दारातले यादव सर.

तुला ठाऊकच आहे, निवृत्त मराठी शिक्षक, विधुर. एकट्या माणसाला मेथीची जुडी संपत नाही, म्हणून दोन वर्षं रोज सकाळी अर्धी जुडी माझ्या कडीला अडकवतात. मी ती निवडून भाजी करते आणि डबा त्यांच्या कडीला लावते. (बोलणं शून्य. तशी गरजच पडली नाही.) परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये इगतपुरीच्या सहलीची नावं घेत होते. सर उठून म्हणाले, "आम्ही दोघं." सेक्रेटरी संजनाने विचारलं, "सोबत कोण, सर?" त्यावर सर जे बोलले ते मी ऐकलं, "अर्ध्या आहारात आहे." सगळे माझ्याकडे बघून हसले! ताई, तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांचे कॉल जोडून दिलेत, माझे कान चुकत नाहीत. मी यांच्या अर्ध्या मेथीवर जगते, असा चारचौघांत डंका! दुसऱ्या दिवशी ती अर्धी जुडी त्यांच्याच कडीला उलटी टांगली, सोबत चिठ्ठी: "मी उपाशी नाही, अर्ध्या आहारातही नाही."

सर जाडजूड शब्दकोश घेऊनच दारात हजर. शब्द निघाला 'अध्याहृत'. (कॉन्व्हेंटात मराठीचा तास आठवड्यातून दोनदा, तोही शिवणकामात जायचा.) अधि, आ आणि हृत. हृत म्हणजे आणलेलं. जो शब्द वाक्यात नसतो, पण ऐकणारा मनाने आणून बसवतो, तो अध्याहृत. "'चहा घ्या' म्हटलं की त्यात 'तुम्ही' असताच, सुवर्णाबाई. दिसत नाही इतकंच."

"सर, सत्तर किलोची बाई तुम्हाला दिसत नाही?"

"दिसते, म्हणून तर..." म्हणाले आणि थांबले.

म्हणून तर काय? आमच्या सिस्टर हातावर पट्टी मारून सांगायच्या, उत्तर पूर्ण वाक्यात द्या. मीही तेच बजावलं. तेव्हा त्या माणसाने कर्ता, कर्म, क्रियापद घालून असं वाक्य उच्चारलं, की जिना पुसणाऱ्या सुलाबाईच्या हातून फडकं पडलं. ते मी पत्रात लिहिणार नाही. माझ्या वयाला शोभत नाही.

तुझी संतापलेली,
सुवर्णा

ता. क. फ्लॅट विकत नाही.

ता. क. २. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला नाशिकला ये. लग्नाच्या नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. संजना आणि सुलाबाई तयार आहेत, तिसरी तू. गुडघ्यांची सबब चालणार नाही, कचेरी तळमजल्यावर आहे. (आधीच बघून आले.)

ता. क. ३. मी सरांना काय उत्तर दिलं, असं विचारशीलच. पूर्ण वाक्य काही जमलं नाही गं. त्यांच्या कडीची अर्धी जुडी उतरवली, त्यांच्या स्वयंपाकघरातून उरलेली अर्धीही आणली आणि अख्खी मेथी निवडायला बसले.