जांभळ्या चॅलेंजरचा भाव

बुधवार, ५ मार्च २०२५

मंडळाचा बुधवारच्या जेवणाचा हॉल जाणार. जूनअखेर रिकामा करा, असं मालकाचं पत्र. पाडून फ्लॅट बांधायचेत. मंडळाचा खजिनदार प्रसाद ते वाचून दाखवत होता तेव्हा बावीस म्हातारी माणसं खिचडी खात होती, आणि एकाचाही घास अडला नाही. जोगळेकर तर पत्र संपायच्या आधीच म्हणाले, "आपलं वांगं आहे की."

वांगं म्हणजे मनोहर करंदीकरांची १९७०ची चॅलेंजर गाडी. अमेरिकन, आठ सिलिंडरची, आणि रंग भरताच्या वांग्याचा. जाताना ती मंडळाच्या नावे करून गेले: विका आणि स्वतःची जागा घ्या, पण माझ्या बायकोच्या, नलिनीच्या, संमतीने. इतकं सरळ वाक्य. तीन वर्षांपूर्वी आम्ही ते पाळलं असतं तर आज…

का पाळलं नाही ते सगळ्यांना माहीत आहे. मला सगळ्यांत जास्त.

रविवार, ९ मार्च

दोन गल्ल्या सोडून एक लहान चॅपल बंद पडलंय. रॅम्प आहे, स्वयंपाकघर आहे. विश्वस्त आम्हाला द्यायला तयार आहेत. २० जूनपर्यंत डिपॉझिट भरा, नाहीतर बाजारात टाकू, म्हणाले. त्यात गैर काहीच नाही.

मी अ.ला म्हटलं, गाडी विकू, संपलं. अ. पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "आता विकायची का? मग मागे एवढं भाषण कशाला?"

बेचाळीस वर्षांचा संसार. हा माणूस एका वाक्यात तो वसूल करतो.

शनिवार, १५ मार्च

कीथ हॉलमागच्या गॅरेजमध्ये येऊन गाडी बघून गेला. चाळीस वर्षं अमेरिकन गाड्यांचा धंदा करतोय. मनोहर त्याच्याच वर्कशॉपमध्ये शनिवार घालवायचे. दोन तास गाडीखाली होता. इंजिन मूळचं, नंबर जुळतात, गंज फक्त मागच्या चाकाच्या वर. खूश दिसला. म्हणून मी विचारलं, एकाहत्तर हजार पौंड येतील ना?

"एकाहत्तर कुठून आणले?"

इन्शुरन्सचं पत्र दाखवलं. दर वर्षी येतं, त्यात 'मान्य किंमत' म्हणून हा आकडा असतो. बुधवारच्या मंडळींना तो तोंडपाठ आहे. कीथने हसू दाबलं. तो आकडा म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा जळाली तर मिळायचा. "तुम्हाला ती जाळायची असेल तर बरोबर आहे," म्हणाला. विकायची असेल तर बेचाळीस. चांगला दिवस असेल तर पंचेचाळीस.

तीन वर्षांपूर्वी वॉटफर्डचा एक माणूस बासष्ट देत होता. रोख. दारात उभा राहून.

रविवार, १६ मार्च

लिहून टाकते, नाहीतर रोज नवं रूप घेऊन छळेल.

वॉटफर्डच्या माणसाला हो म्हणायचं की नाही यावर सर्वसाधारण सभा झाली. मीरा उठली. सॉलिसिटर आहे, इथेच बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली, तेव्हा नुकतीच कार्यकारिणीत आली होती. कागद घेऊन आली होती बिचारी, लिलावांचे आकडे आणि आलेख. म्हणणं एवढंच: या गाड्या ज्यांना तरुणपणी हव्या होत्या ते लोक आता म्हातारे झालेत. ते गेले की घेणारं कोण? आज भाव वर आहे, आज विकू.

मग मी उठले. घसा साफ केला. घशाची ही सवय मला आयुष्यभर नडली आहे.

म्हणाले, वस्तूची किंमत ती कोणाला हवी यावर ठरत नाही, ती कोणी जपली यावर ठरते. म्हणाले, आपल्या आयांनी पाटल्या विकल्या नाहीत म्हणून आपण शिकलो. टाळ्या. तिथे थांबायला हवं होतं. पण टाळ्या ऐकल्यावर मी कधी थांबलेय? मीराकडे बघून म्हणाले, "काहींना बापाच्या वस्तूतही गिऱ्हाईकच दिसतं."

हॉल हसला. मीराचे वडील, सुधीर, दुसऱ्या रांगेत होते. ते बुटांकडे बघत बसले.

ठराव फेटाळला. पोरीच्या बाजूने चार हात.

आणि पाटल्या विकल्याच होत्या. माझ्या आईने, माझ्या फीसाठी. भाषणात ते चाललं नसतं.

गुरुवार, ३ एप्रिल

पंधरा दिवस झाले, लिलावांचे निकाल वाचतेय. डोळे गेले.

काल कीथकडे जाऊन तीन कप चहा प्यायले आणि समजून घेतलं. त्याचं म्हणणं असं: अठराव्या वर्षी जी गाडी परवडली नाही ती माणूस पन्नाशी-साठीत घेतो. घर फिटलेलं असतं, मुलं गेलेली असतात. म्हणून हा भाव तीसेक वर्षं चढत राहिला. मग कोविडमध्ये सगळे घरात कोंडलेले, खर्च करायला जागा नाही, आणि हातात फोन. जो तो आपलं तारुण्य ऑनलाइन विकत घेत सुटला. ते शिखर. वॉटफर्डचा माणूस त्याच शिखरावरून आमच्या दारात आला होता. पुढे व्याजदर वाढले. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना क्लच झेपेना. सगळे एकदम विकायला निघाले, आणि मुलांना नको आहेत. चाळिशीतल्यांना नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या हव्यात, ज्या त्यांनी लहानपणी टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेममध्ये बोटांनी चालवल्या.

म्हणजे लोखंडाला भाव नव्हताच. भाव होता कोणाच्या तरी हुकलेल्या विसाव्या वर्षाला. तो माणूस थकला की भावही काठी टेकतो. उद्या जपानी गाड्यांचंही हेच होईल.

मीराने हे सगळं दोन मिनिटांत सांगितलं होतं.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ट्यूलिपच्या कंदांसाठी घरं विकणाऱ्या डच लोकांचा धडा दर वर्षी. पोरं विचारायची, मिस, एवढे मूर्ख कसे? मी फळ्यावर कारणं लिहून द्यायचे.

रविवार, २७ एप्रिल

सभा. मीरा आता अध्यक्ष. तिने शांतपणे मांडलं: जूनच्या लिलावात गाडी द्यायची, किमान किंमत चाळीस ठेवायची. अनुमोदन मी दिलं. घसा साफ न करता.

जोगळेकर उभे राहिले. वय चौऱ्याऐंशी, स्मरणशक्ती दुर्दैवाने शाबूत. "शरयूताई, तुम्हीच म्हणालात, किंमत कोणी जपली यावर ठरते." शब्द न् शब्द. मागून कोणीतरी पाटल्यांचंही आठवलं. एकाहत्तरची गाडी चाळीसला म्हणजे भंगारात देणं, असा सूर.

मी म्हटलं, माझं चुकलं होतं. आकडे सांगितले. कीथने सांगितलेलं सगळं सांगितलं, सोपं करून, एकही अलंकार न वापरता. लोक चुळबुळत होते. कुलकर्णीबाईंनी मधेच उठून चहाचं पाणी चढवलं. शेवटी जोगळेकर प्रेमाने म्हणाले, हा तुमचा विनय झाला. आणि याला टाळ्या पडल्या.

खोटं बोलले तेव्हा पटलं. खरं बोलले तर विनय.

शेवटी सगळे नलिनीवहिनींकडे वळले. मृत्युपत्रात संमती त्यांची. त्या शालीत हात घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, साठाच्या खाली नको, ह्यांनी फार जपली होती.

मीराने मिनिट्समध्ये साठ लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

रविवार, ४ मे

मीराकडे गेले. अ. गाडीत बसून राहिला, म्हणाला हे तुझं तू कर.

मी सगळं ठरवून गेले होते, सुरुवात, मध्य, शेवट. दारातच विसरले. म्हटलं, मी तुझा सर्वांसमोर अपमान केला आणि तू बरोबर होतीस.

"इट्स फाइन, ताई. कोर्टात लोक मला रोज याच्यापेक्षा वाईट बोलतात." मग किटली लावता लावता, पाठ करूनच: "मला नाही लागलं. बाबाला लागलं. तो त्या दिवसापासून बुधवारी येत नाही."

तीन वर्षं. मला वाटत होतं सुधीर गुडघ्यामुळे येत नाहीत. मी एकदा त्यांना तेलही पाठवलं होतं.

म्हटलं, आत आहेत का? म्हणाली, आहे, पण झोपलाय. टीव्हीचा आवाज येत होता.

शुक्रवार, ३० मे

लिलावाची यादी आली. आमच्या गाडीच्या वर्णनाला अर्धं पान. 'एका कुटुंबाने दशकानुदशके जिव्हाळ्याने सांभाळलेली.' कोणीतरी माझ्याच जातीचा माणूस तिथे नोकरीला आहे. पानाखाली अंदाज: अडतीस ते चव्वेचाळीस.

वहिनींना फोन करून सांगितलं, साठ येणार नाहीत. म्हणाल्या, बघू. तीनदा सांगितलं, तीनदा बघू.

प्रसाद प्रत्येक बुधवारी विचारतो, तुम्ही वहिनींशी नीट बोललात का? नीट म्हणजे कसं, हे मला कोणीतरी शिकवा.

शनिवार, १४ जून

लिलाव. मीरा, प्रसाद, कीथ, मी. वहिनी आल्या नाहीत.

आमच्या आधी एक निळी जपानी गाडी, मागे पंखासारखं काहीतरी लावलेली. चाळिशीतले दोन बाप्ये एकमेकांकडे न बघता बोली चढवत गेले. बासष्टवर हातोडा. आमचाच आकडा, दुसऱ्याच्या नशिबी.

मग आपलं वांगं. दिव्यांखाली इतकं सुंदर दिसलं की मला क्षणभर माझंच भाषण पुन्हा पटलं. तीस. चौतीस. अडतीस. एक्केचाळीस. पुढे कोणाचा हात वर होईना. लिलाववाला लाडीगोडी लावत राहिला. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने नकाराची मान हलवली, त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. संपलं. साठ आले नाहीत म्हणून गाडी परत.

बाहेर कीथ निरोप घेऊन आला. तो पांढऱ्या केसांचा माणूस अजूनही एक्केचाळीस देतोय. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर तो लीड्सच्या कोणाचीतरी घेणार आहे. कमिशन जाऊन अडतीस उरतील. डिपॉझिटला चार कमी पडतात. प्रसाद म्हणाला, चार आपण जमवू, वहिनींचा होकार तुम्ही आणा.

अर्थात मी.

रविवार, १५ जून

सकाळपासून वहिनींशी काय बोलायचं ते लिहीत बसले. चार पानं झाली. चांगली झाली. तिसऱ्या पानावर एक वाक्य असं आहे की दगडालाही पाझर फुटावा. तेवढ्यासाठीच सगळी फाडली.

अ.ने तुकडे रिसायकलिंगमध्ये टाकले. म्हणाला, त्यांना भाषण नको देऊस. चहा घे आणि विचार. उपदेश बरोबर होता म्हणून जास्त संताप आला.

सोमवार, १६ जून

गेले, चहा घेतला, विचारलं. आकडा सांगितला, वेळ सांगितली, चॅपलची तारीख सांगितली. पुढे एक शब्द नाही. वहिनी म्हणाल्या, उद्या गाडी दारात आण, मला बसायचंय, मग सांगते.

कीथला फोन. तो म्हणाला, तीन वाजता.

जोगळेकरांचाही फोन आला, ठाम राहा म्हणून.

मंगळवार, १७ जून

कीथ तीनला येणार होता, चारला आला. मोटारवेवर काम चाललंय. इंजिनच्या आवाजाने शेजारपाजारच्या खिडक्यांचे पडदे हलले. वहिनी तयार होऊन दारात उभ्या होत्या, चांगली साडी, वर कोट. कीथने हात देऊन डाव्या सीटवर बसवलं. अमेरिकन गाडी, म्हणजे ती सीट चालवणाऱ्याची. मी शेजारी. कीथ फुटपाथवर सिगरेट ओढत.

वहिनींनी स्टिअरिंगला हात लावला नाही.  समोर बघतच म्हणाल्या, "शरयू, मला ही कधीच आवडली नाही."



हळूहळू सांगत होत्या. दर शनिवारी हे कीथकडे, आणि त्या दोन लहान मुलं घेऊन बसने बाजाराला. एकदा धाकट्याला ताप होता, हिचं काहीतरी सुटं करून ठेवलेलं, टॅक्सी करावी लागली. हे गेल्यावर पहिला विचार हाच आला होता की आता ही विकता येईल. स्वतःचीच लाज वाटली. पण वॉटफर्डच्या माणसाला हो म्हणायचं, हे मनात पक्कं होतं. त्याच तयारीने सभेला आल्या होत्या.

"मग तू बोललीस. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, आपलंच चुकत असेल. बायको असून आपल्याला कळलं नाही, त्यांनी किती जपलं ते. तेव्हापासून मीही हिला जपायला लागले गं. दर महिन्याला गॅरेजवर येऊन पुसून जायचे."

 

चार चाळीस. कीथने काचेवर टकटक करून घड्याळ दाखवलं, पाचच्या आत त्या माणसाला कळवायचं होतं. वहिनींनी त्याला हाताने थांब म्हटलं आणि माझ्याकडे वळल्या. "काय करू? सांग."

हो म्हणा, एवढंच म्हणायचं होतं. बावीस माणसांचा बुधवार, चॅपल, सगळं त्या दोन शब्दांत. ओठावर होतं. आणि मी सांगितलं तर त्या ऐकतील हेही माहीत होतं.

म्हटलं, तुम्ही ठरवा, वहिनी.

"वा," म्हणाल्या. "आता बरी गप्प बसतेस."

पर्स उघडून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि समोरच्या काट्यांवरून, बटणांवरून एकेक करून नजर फिरवायला लागल्या. हे कशाचं, ते कशाचं, मला विचारत होत्या. मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. चार बावन्न.