कोइवुमेगींच्या घरची झडप

मी, हेल्दुर कोइवुमेगी, वय बाहत्तर, धंदा धुराडी साफ करण्याचा, राहणार व्होरू, एस्टोनिया, लिहून ठेवतो की माझी फुफ्फुसे कामातून गेली असली तरी डोके ठिकाणावर आहे. खालील मृत्युपत्राचा मजकूर मला कोणी सुचवलेला नाही.

कलम १. घर, अंगण व लाकडांची खोपटी मारगे सिल्ड हिला द्यावी. मी काम सोडल्यापासून या भागातली धुराडी तीच साफ करते. दोर, ब्रश, आरसा व काजळी पाडायला धुराड्यात सोडायचा लोखंडी गोळाही तिचाच. हा गोळा तिने माझ्यादेखत एका हाताने उचलला आणि वर म्हणाली, "काका, इतकी वर्षं उगाच कण्हत होतात की!"

कलम २. बँकेतील शिल्लक आमच्या गल्लीतील म्हाताऱ्या माणसांच्या घरी विषारी वायूची सूचना देणारी यंत्रे बसवण्यासाठी वापरावी. पहिले यंत्र शेजारी एव्हाल्दकडे. तो रंग दिलेल्या फळ्या जाळतो आणि मी टोकले की तोंडावर दार लावतो. त्याच्यावरचा माझा राग कायम आहे, तरी यंत्र बसवावे.

कलम ३. धुराडेवाला शुभ मानतात, म्हणून माझ्या कामाच्या काळ्या जाकिटाची पितळी बटणे लोक नशीब उजळावे म्हणून धरतात. मला त्या जाकिटात पुरू नये. साधा सदरा चालेल.

कलम ४. निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसते तोवर धुराड्याची झडप लावायची नाही, हे मी दारोदार सांगत आलो. लोक ऊब वाचवायला घाई करतात आणि वायू खोलीत कोंडतो. म्हणून मी प्रत्येक झडपेला अंगठ्याएवढे भोक पाडू लागलो. आमच्या गल्लीतली लिंडाआजी करवादायची, "हेल्दुर, माझी सगळी ऊब आभाळात चालली रे!" मी म्हणायचो, "ऊब जाऊ दे आजी, तुम्ही नका जाऊ." ही भोके मारगेने बुजू देऊ नयेत. मी ती १९९१ च्या फेब्रुवारीपासून पाडत आलो. त्याचे कारण पुढे आहे.

कलम ५. त्याच वर्षीच्या जानेवारीत आमची आई गेली. सकाळी माझ्या थोरल्या बहिणीने, लेइलीने, घर तापवायची भट्टी पेटवली आणि ती कामावर गेली. मी दोर विसरलो म्हणून परत आलो. आई पांघरुणातून म्हणाली, "हाडं गोठली माझी. धुराडं उघडं ठेवून चंद्राला ऊब देतोस का?" निखाऱ्यांच्या कडेला निळे दिसत होते. मला ते दिसले. पाच मिनिटांत विझेल असे म्हणून मी झडप लावली आणि निघालो. दुपारी लेइलीला आई सापडली.

झडप कोणी लावली, असे विचारले गेले तेव्हा माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. धुराडेवाला अशी चूक करील कसा? लेइली म्हणाली, "मीच लावली असेन. हात सवयीने गेला असेल." मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. तेव्हापासून तिने भट्टी पेटवलेली नाही, आणि नातवंडांना एक रात्रही आपल्या घरी झोपू दिलेले नाही. झडप मी लावली. मला याची लाज वाटते, आणि ही लाज जुनी झाली म्हणून कमी झालेली नाही.

कलम ६. लेइलीला व तिच्या मुलांना मी काहीही देत नाही. ज्याच्या घरात काही जाते त्याला मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करता येत नाही. ही सही मला तिचीच हवी आहे. माझ्या मागे तिने हे कोणाकडून ऐकावे असे मला वाटत नाही. आज ती समोर बसून वाचणार आहे आणि मी उठून जाणार नाही.

व्होरू, १४ ऑक्टोबर २०२४.

लिहून देणार: हेल्दुर कोइवुमेगी

साक्षीदार पहिली: ऐरी लुम्बे, ग्रंथपाल. माझ्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरी: लेइली पाल्लो. वाचलं. ही सही वाचल्याची आहे, माफीची नाही. बाकीचं तोंडाने बोलायचं आहे, हेल्दुर. उद्या सकाळी घरीच थांब.