तिकडचं नको

बाबा,

मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही ऑपरेशनला नको म्हणालात, त्याला आता बरीच वर्षं झाली. दादा अजून म्हणतो की ते खरं नको नव्हतं, तू जोर केला असतास तर बाबांनी ऐकलं असतं. यंदा गणपतीत सांगलीला गेले होते तेव्हा जेवताना पुन्हा म्हणाला. रागाने नाही, भात कालवता कालवता, सहज. मी नेहमीसारखी गप्प बसले. मला वाद घालता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण परत आल्यापासून ते डोक्यातून जात नाही. आज रविवार आहे, दुपारी घरात कुणी नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. तुमचं नको मी खरं का धरलं, ते एकदा तुमच्यापाशीच मांडावं असं वाटलं. दादाला ते कळणं अवघड आहे, कारण तो त्या दिवशी आपल्याबरोबर डोंगरात नव्हता.

आपल्या घरात पहिलं नको कधीच कुणी धरलं नाही. मी दुसरी-तिसरीत असेन, शेजारच्या काकूंनी बेसनाच्या लाडवांची ताटली पुढे केली आणि मी लगेच एक उचलला. घरी आल्यावर तुम्ही मला समोर उभं केलंत. "उपाशी ठेवतो का आम्ही तुला?" मी म्हटलं, "पण मला हवा होता." तुम्ही म्हणालात, "हवा असतोच. तरी आधी नको म्हणायचं. त्यांना आग्रह करू दे. त्यांनाही बरं वाटतं, आपल्यालाही." त्यानंतर मी कुणाकडे पहिल्यांदा हो म्हटल्याचं मला आठवत नाही. तुमचं कामही तसंच होतं. हळदीच्या अडत दुकानात तुम्ही दिवाणजी, आणि समोरचा व्यापारी नको म्हणून उठायला लागला की तुम्ही पोऱ्याला हाक मारून त्याच्यासाठी चहा सांगायचात. खरं बोलणं तिथून सुरू व्हायचं. शाळा सुटल्यावर मी दुकानात पोत्यावर बसून ते बघत असे. तो माणूस पुन्हा बसायचाच.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्याकडे जर्मनीत, गार्चिंगला आलात. तीन महिन्यांचा व्हिसा होता. मी दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये, तुम्ही घरात. सकाळी इसार नदीपर्यंत चालत जायचात आणि पाण्यात हात घालून परत यायचात. साठी उलटली तरी कृष्णेत रोज पोहणारा माणूस, नुसता हात ओला करून यायचा. "कसं आहे पाणी?" असं मी विचारलं की म्हणायचात, "गार आहे. पण पाणी आहे." आईबद्दल आपण दोघंही बोलत नव्हतो. संध्याकाळी तुम्ही कणीक मळायचात, मी भाजी करायचे आणि रेडिओवर कुणीतरी जर्मनमध्ये हवामान सांगत असायचं.

त्याच जुलैत आमच्या विभागाचा आउसफ्लुग ठरला. दरवर्षी सगळे मिळून एक दिवस कुठेतरी जातात, घरच्यांनाही आणता येतं. त्या वर्षी आल्प्सच्या पायथ्याशी आल्गॉयमध्ये कॅनियनिंग होतं. डोंगरातल्या घळीत वरून शिरायचं आणि पाणी जसं खाली जातं तसं त्याच्याबरोबर खाली यायचं. कुठे घसरत, कुठे दोराने, कुठे उडी मारून. बरोबर वाट दाखवणारा असतोच. मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "छे, माझं काय काम तिथे तुमच्या साहेब लोकांत." मी दुसऱ्यांदा विचारलं. "बघू," म्हणालात. तिसऱ्यांदा विचारायच्या आत तुम्ही पोहण्याची चड्डी धुऊन बाल्कनीत वाळत घातली होती.

आम्हाला नेणारी गाइड पन्नाशीची बाई होती. केस पिकलेले, उन्हाने चेहरा तांबूस, बोलणं मोजकं. तुम्ही तिला पहिल्या मिनिटापासून शाळेतल्यासारखं बाई म्हणायला लागलात. तिने दिलेला रबरी पोशाख हातात धरून तुम्ही म्हणालात, "हा माझ्या अंगात जायचा नाही, मलाच याच्यात कोंबावं लागेल." माझे दोन सहकारी तुम्हाला कोंबत होते आणि तुम्ही हसत होतात. आई गेल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. गाइडने तुम्हाला आधी खालच्या डोहात पोहून दाखवायला सांगितलं. तुम्ही चार हात मारलेत आणि तिने मान डोलावली. मग सगळ्यांना गोल उभं करून ती बोलली आणि मी तुम्हाला मराठीत सांगत गेले. आत पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. सगळं ठीक असेल तर हात हेल्मेटवर ठेवायचा. ती म्हणाली, प्रत्येक उडीआधी मी विचारेन. नको असेल तर नको म्हणा, कारण सांगायची गरज नाही, मी दोराने खाली सोडेन. तुम्ही म्हणालात, "चांगल्या आहेत बाई. मानाने विचारतात."

पहिल्या उडीपाशी आपण ओळीने उभे आहोत. खडक पाण्याने इतका गुळगुळीत झालाय की पाय ठरत नाही. दोन्ही बाजूंना ओल्या भिंती आणि वर आभाळाची एक पट्टी. गाइड आधी स्वतः खाली जाते, डोहात बुडी मारून तळ बघते, कारण पावसात वरून दगड वाहून येतात आणि कालचा डोह आज तसाच असेल असं नसतं. वर येते. माझ्यापुढे तुम्ही आहात. ती तुमच्याकडे बघून बोटाने खाली दाखवते आणि भुवया उंचावते. तुम्ही हसून हात हलवता. नको, नको. तुमचे डोळे मात्र पाण्यावर आहेत आणि एक पाऊल तुम्ही पुढे टाकलेलं आहे. मला मागून ते सगळं दिसतं. काकूंच्या लाडवापुढे कसं उभं राहायचं ते मला तुम्हीच शिकवलं होतं. मी तोंड उघडते, पण पाण्याच्या आवाजात माझा शब्द मलाच ऐकू येत नाही. तोवर बाईने तुमच्या कमरेच्या पट्ट्याला कडी अडकवलेली असते. तुम्ही एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघता, आणि दोरावरून हळूहळू खाली जाता. पाळण्यातल्या मुलासारखे, अगदी सुरक्षित, चेहरा पडलेला.

खाली डोहाच्या कडेला मी तुमच्याजवळ पोहत आले. तुम्ही कानाशी तोंड आणून ओरडलात, "अगं, एकदाच विचारलं!"

"बाबा, त्यांच्यात एकदाच विचारतात."

"मग आधी सांगायचंस ना!"

पुढच्या उडीला बाईच्या भुवया पुरत्या वर जायच्या आत तुम्ही जोराने मान हलवलीत आणि "हो, हो" ओरडत उडी टाकलीत. ती उंची आधीच्यापेक्षा जास्त होती. पाण्याखाली गेलात आणि मला वाटलं तुम्ही फार वेळ वर आला नाहीत. मग डोकं वर आलं, हेल्मेट तिरकं झालेलं, आणि तुम्ही हात हेल्मेटवर ठेवलात. बाई मोठ्याने हसली. मी खाली आल्यावर माझ्या कानाशी म्हणालात, "इथे एकदाच वाढतात. ताट पुढे केलेलं बरं." त्यानंतर एकही उडी तुम्ही सोडली नाहीत. मी दोन सोडल्या.

दुपारी खाली गाड्यांपाशी सगळे ब्रेड-चीज खात बसले होते. आपण मेथीचे पराठे नेले होते. तुम्ही बाईला पराठा दिलात, तिने लगेच घेतला आणि दुसरा स्वतःहून मागितला. तुम्हाला ते आवडलं. मग मला म्हणालात, "विचार त्यांना. मी पहिल्यांदा नको म्हटलं, तर दुसऱ्यांदा का नाही विचारलं?" मला संकोच वाटत होता, पण तुम्ही दोनदा सांगितलंत म्हणून विचारलं. तिने तोंडातला घास संपवला. म्हणाली, आल्झो, म्हणजे असं बघ, माझ्या हातात दोर असतो आणि समोरचा माणूस काठावर असतो. मी दुसऱ्यांदा विचारलं की त्याला वाटतं, मी उडी मारावी असं हिला हवंय. मग तो माझ्यासाठी उडी मारतो. त्याला ढकलल्यासारखंच झालं ते. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही हातातल्या पराठ्याची घडी घातलीत. मग म्हणालात, "बाईंचं बरोबर आहे. जेवणात आग्रह ठीक आहे. काठावर नको."

पुढच्या वर्षी तुमच्या पोटातला आजार कळला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून बघता येईल, पण खात्री देता येत नाही. तुम्ही नको म्हणालात. दादाने फोन करून मला सांगितलं, "म्हणू देत. मी मनवतो." तो रोज विचारत होता. मी दुपारच्या सुट्टीत इन्स्टिट्यूटच्या जिन्यात उभी राहून फोन केला. दादा औषधं आणायला खाली गेला होता, त्याचा मोबाइल तुमच्या उशाशी होता, तो तुम्हीच उचललात. मी म्हटलं, "बाबा, ऑपरेशन करायचं का?" तुम्ही म्हणालात, "नको." मी थांबले आणि म्हटलं, "दुसऱ्यांदा विचारते आहे." तुम्ही हसलात, मग खोकला आला. तो थांबल्यावर म्हणालात, "हे तिकडचं नको आहे. त्या बाई धरतात तसं धर."

मी म्हटलं, "दादाला तसं सांगा ना. तो सारखा विचारतोय."

"त्याला नको सांगू. विचारू दे त्याला. विचारलं की त्याला बरं वाटतं. मला दम लागतो नको म्हणताना, पण तेवढं चालतं." मग म्हणालात, "तुला सांगता येतं. तू पाण्यात होतीस."

म्हणून दादा बोलतो तेव्हा मी गप्प बसते. खरं सांगितलं तर त्याला कळेल की त्याच्या रोजच्या विचारण्याने तुम्हाला दम लागत होता. त्यापेक्षा माझ्या मनात माया कमी होती असं त्याला वाटलेलं बरं. रजा मिळाल्यावर मी आले, तेव्हा शेवटचे दिवस त्यानेच तुमचं सगळं केलं. तो पाणी पाजायचा, आणि तुम्ही मान फिरवलीत तरी अजून एक घोट म्हणायचा, आणि तुम्ही घ्यायचात. माझ्यासमोर तुम्ही मान फिरवलीत की मी पेला खाली ठेवत असे. तुम्ही तेव्हा माझ्याकडे जे बघायचात ते मला चांगलं आठवतं. त्या नजरेत तक्रार नव्हती.

हे पत्र मी घडी करून ठेवून देईन. दादाच्या हाती पडू देणार नाही.

एक तुम्हाला माहीत नाही, तेवढं सांगते. जिन्यातून फोन ठेवल्यावर मी कामावर परत गेले नाही. भारतात फोन करायच्या कार्डावरचे आकडे मी पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा विचारायचं होतं. तुम्ही तसं धर म्हणाला होतात आणि मला धरता येत नव्हतं. पलीकडे दादाने उचलला, नुकताच वर आला होता, धापा टाकत होता. म्हणाला, "काय गं, काय झालं?" माझ्या तोंडून निघालं, "जेवलास का?" तो म्हणाला, भूक नाही, नको वाटतंय. मी त्याला पुन्हा विचारलं. मग पुन्हा विचारलं.