नवे दात येईपर्यंत

४ नोव्हें. २००९, बुध.
आबा शिरोळहून आले. बापाचा एक्स-रे बघायची वेळ येऊ नये. खालचे पुढचे चार दात नुसते हिरडीला टेकून उभे, हाड झिजलंय. पू आहे. त्यात रक्तात साखर. काढावेच लागतील, म्हणून सांगितलं. तर म्हणाले, "काढायचं न्हाय. नवं येत्यात आता."

गावात कुणी टायवाला भाषण देऊन गेलाय. लहान पोराच्या दुधाच्या दातातल्या स्टेम सेल म्हाताऱ्याच्या हिरडीत सोडायच्या, की दात पुन्हा उगवतात म्हणे!

७, शनि.
पुन्हा समजावलं. हे अजून प्रयोगशाळेत, उंदरांवर चाललंय, दवाखान्यात आलेलं नाही. आबा म्हणाले, "खोडवा घ्यायचा, तोडल्याला ऊस पुन्ना फुटाय पायजे, तर बुडखा उपटत न्हाईत. एवढं शिकून कळंना व्हय तुला?"

अख्खी शिवाजी पेठ माझ्याकडे दात काढायला येते आणि माझा बाप त्या भामट्याचं ऐकतो. त्याला फोन लावला. मलाच म्हणाला, मॅडम, पेशंट पाठवा, तुमचंही बघू. शिव्या घातल्या. फोन ठेवल्यावर आणखी चार आठवल्या.

१०, मंगळ.
जबडा सुजला. रश्श्यात भाकरी कुस्करून दिली, ताट सरकवलं. नुसती पेज. नवरा म्हणतो, त्यांच्या कलानं घे. कलानं घेता घेता पू रक्तात भिनला तर...

१३, शुक्र.
ईशूचा दात. नुकता कुठे हलायला लागला होता. सहा वर्षांची माझी पोर, तिनं स्वतःच दोरा बांधून दाराच्या कडीला लावला आणि दार आपटलं. फ्रॉकभर रक्त. रडली नाही. वाटीत दात घेऊन आबांपुढे उभी. "आता तुमचे येतील. जेवा की, आबा."

मी सुटलेच. तुमच्या हट्टापायी लेकराच्या तोंडातून रक्त आलं, म्हणाले. आणखीही बरंच बोलले. शब्द परत घ्यावेसे वाटत नाहीत, अजूनही नाही. आबांनी वाटी जवळ ओढून घेतली.

१४, शनि.
दवाखाना उघडला तर आबा मागोमाग येऊन खुर्चीत बसले. टोपी मांडीवर, हातात ईशूची वाटी. मी इंजेक्शन भरलं.

"पोरीनं दिलाय. एकदा लावून तरी बघ की."

मी नाही म्हणाले. डोळे भरून आले त्याचाही राग आला.

बाहेर दोन पेशंट थांबलेत. आबा उठत नाहीत. तोंडही उघडत नाहीत.